मॉडेल विमानांच्या क्लबचे मैदान कसे असते

मॉडेल विमाने उडवण्याच्या छंदाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात विमानांविषयी पुष्कळ असते. पंखांचा आकार, बाल्सा लाकूड, इंजिनाची ताकद, रेडिओचे चॅनेल या सगळ्यांची चर्चा होते. पण ज्या जमिनीवरून ही विमाने उडतात आणि जिच्यावर ती परत उतरतात, त्या जमिनीविषयी कोणी फारसे लिहीत नाही. गेली काही वर्षे मी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कोलंबस या गावाजवळ राहतो आणि तिथल्या एका लहान क्लबचा सभासद आहे. हे गाव पुणेकरांना अगदीच अपरिचित नाही. कमिन्स कंपनीचे मुख्यालय इथे असल्यामुळे कित्येक मराठी अभियंत्यांची इथे ये-जा असते. इथे राहून माझे एक मत पक्के झाले आहे की, या छंदात विमान, इंजिन, रेडिओ यांपेक्षाही मोलाची आणि मिळायला अवघड गोष्ट म्हणजे नीट आखलेले, हक्काचे मैदान होय.

या छंदाशी माझी ओळख पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये झाली. तिथे आम्ही कंट्रोल लाइनची विमाने उडवत असू. हे विमान दोन बारीक तारांच्या टोकाला बांधलेले असते आणि हातातल्या मुठीने त्याचे नाक वर-खाली करत उडवणारा स्वतःभोवती गिरकी घेत राहतो. अशा विमानाला कॉलेजचे क्रीडांगण पुरते. रेडिओ कंट्रोलचे विमान हाती आले, की क्रीडांगण एकदम अपुरे पडते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे मॉडेल १५ सेकंदांत ४०० मीटर अंतर कापते, त्यामुळे एका बाजूला वसतिगृह आणि दुसऱ्या बाजूला रस्ता असलेल्या जागेत ते उडवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे ठरते. महाराष्ट्रात कित्येक हौशी मुले याच टप्प्यावर थांबतात, कारण विमान दुकानातून आणता येते आणि मैदान तसे आणता येत नाही.

अमेरिकेत जमीन अफाट असली, तरी प्रत्येक मोकळी जमीन उडवायला मिळते असे नाही. बहुतेक क्लबांच्या मालकीची एक गुंठाही जमीन नसते. ज्या जागेचा इतर कोणाला फारसा उपयोग नाही, अशी जागा ते भाड्याने किंवा परवानगीने वापरतात. कचरा टाकणे बंद करून वर माती पसरलेले जुने कचरा डेपो यासाठी फार उपयोगी पडतात. कारण तिथली जमीन वर्षानुवर्षे खचत राहते, आतून मिथेन वायू बाहेर येत राहतो आणि त्यामुळे तिच्यावर घरे बांधता येत नाहीत. नदीकाठच्या पूरक्षेत्रातील जमिनी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या शेजारचे मोकळे पट्टे, सार्वजनिक उद्यानांचे दूरचे कोपरे हेही असेच उपयोगात येतात. लॉस एंजलिसमध्ये सेपुल्वेडा धरणाच्या मागे पुराचे पाणी अडवण्यासाठी राखलेले मोठे मोकळे क्षेत्र आहे, ते लष्कराच्या अभियंता दलाच्या ताब्यात आहे आणि त्याच क्षेत्रात ‘अपोलो इलेव्हन’ नावाचे मॉडेल विमानांचे प्रसिद्ध मैदान आहे. पाणी साठवण्यासाठी राखलेली जागा वर्षातले बहुतेक दिवस कोरडी असते आणि तेवढे दिवस तिथे विमाने उडतात. शहराच्या मधोमध एवढी जागा मिळण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आमच्या क्लबची जागा एका शेतकऱ्याची आहे. ओढ्याच्या कडेचा हा तुकडा वसंत ऋतूत पाण्याखाली जात असल्यामुळे त्याने तो पिकाखाली आणला नव्हता. भाडे नाममात्र असले, तरी कोणताही शहाणा जमीनमालक जी गोष्ट आधी विचारतो ती त्यानेही विचारली होती: कोणाला इजा झाली, तर जबाबदारी कोणाची? याचे उत्तर अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या राष्ट्रीय संस्थेमुळे देता येते. १९३६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सभासदाला वार्षिक वर्गणीतच २५ लाख डॉलरपर्यंतच्या दायित्वाचा विमा मिळतो आणि क्लबच्या विम्यात जमीनमालकाचे नावही घालता येते. हा कागद नसता, तर इथली निम्मीअधिक मैदाने उद्याच बंद पडली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. धावपट्टी दिसते, हा कागद दिसत नाही. पण मैदान त्याच्याच आधाराने उभे असते.

मैदानाची आखणी सूर्य आणि वारा यांच्यापासून सुरू होते. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडवायचे आणि उतरवायचे असते, म्हणून धावपट्टी नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेत हवी. इंडियानात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. दुसरीकडे, उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येता कामा नये. सूर्यबिंबाच्या समोरून गेलेले विमान क्षणभर दिसेनासे होते, आणि पुन्हा दिसते तेव्हा ते आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे हे कळत नाही. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड करून उभे राहणे सर्वांत सोयीचे. या दोन्ही गोष्टींचा मेळ घातला, की पूर्व-पश्चिम धावपट्टी आणि तिच्या दक्षिणेला उडवणाऱ्यांची रांग, अशी रचना आपोआप ठरते. आमचे मैदान असेच आहे. ज्या क्लबांना जागेच्या आकारामुळे उत्तर-दक्षिण पट्टी करावी लागली आहे, त्यांचे सभासद सकाळी पट्टीच्या एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला उभे राहतात किंवा सरळ दिवसाचा अर्धा भाग सोडून देतात.

धावपट्टीच्या दक्षिणेला एकामागून एक समांतर रेषा येतात आणि त्यांचा क्रम कुठल्याही चांगल्या मैदानावर सारखाच असतो. पट्टीला सर्वांत जवळ उडवणाऱ्यांची ठाणी असतात. आमच्याकडे ती पाच आहेत आणि प्रत्येकासमोर छातीपर्यंत उंचीची जाळी आहे, जेणेकरून उतरताना भरकटलेले विमान थेट पायांवर येऊ नये. त्यांच्या मागे ‘पिट’ असतो. तिथे विमाने जोडली जातात, तपासली जातात, इंजिने सुरू केली जातात. त्याच्या मागे कुंपण, कुंपणामागे प्रेक्षकांची जागा आणि सर्वांत शेवटी गाड्या. विमानाने उडवणाऱ्याच्या मागे, म्हणजे पिट, प्रेक्षक किंवा गाड्यांच्या वर, केव्हाही जायचे नाही. उड्डाण आणि उतरणे हे प्रसंग वगळता, उडवणारा आणि त्याचा मदतनीस यांच्याखेरीज कोणत्याही माणसाच्या २५ फुटांच्या आत विमान आणायचे नाही, असा राष्ट्रीय संस्थेचा नियम आहे. आमच्या क्लबचे नियम त्याहून कडक आहेत. नवीन सभासद आला की त्याला आधी या रेषांवरून पायी फिरवून आणले जाते आणि मगच त्याच्या हाती ट्रान्समीटर दिला जातो. मला ही पद्धत फार योग्य वाटते.

ठाणी एकमेकांच्या जवळ असण्यालाही कारण आहे. प्रत्येकाची नजर आपल्या विमानावर खिळलेली असते, त्यामुळे एकमेकांशी संपर्क राहतो तो फक्त आवाजाने. कोणी पट्टीवर पाऊल ठेवण्याआधी ओरडून सांगतो, कोणी उतरत असल्याचे सांगतो, आणि एखाद्याचे इंजिन हवेत बंद पडले, तर तो ‘डेडस्टिक!’ अशी आरोळी देतो. ही आरोळी ऐकताच बाकीचे सगळे आपापली विमाने बाजूला घेऊन पट्टी मोकळी करतात, कारण ज्याचे इंजिन बंद पडले आहे त्याला दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही. पट्टीच्या दोन टोकांना दोघे उभे राहिले, तर हे शक्य होणार नाही. म्हणून एखादा पाहुणा निवांत जागा शोधत टोकाला जाऊन उभा राहतो, तेव्हा त्याला आदराने परत बोलावले जाते.

आता खुद्द धावपट्टीविषयी. आमची पट्टी सुमारे ५०० फूट लांब असून गवताची आहे. गवत विमानाला सांभाळून घेते, जोरात उतरलेल्या विमानाची चाके मोडत नाहीत आणि घसरलेल्या पंखाला ओरखडे पडत नाहीत. पण त्यासाठी ते अगदी आखूड राखावे लागते. मे-जूनमध्ये ते आठवड्यातून दोनदा कापावे लागते, हिवाळ्यात जमीन गोठून वितळली की वर आलेले उंचवटे रोलर फिरवून दाबावे लागतात आणि चिचुंदरीसारखा मोल नावाचा प्राणी जमिनीखालून बोगदे करतो, ते बुजवावे लागतात. हे सगळे काम सभासद स्वतः करतात. क्लबचा ट्रॅक्टर कोणी चालवायचा, याचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच लागतो आणि त्यात निवृत्त मंडळींची नावे सर्वांत जास्त असतात. ज्यांना छोट्या चाकांची विमाने उडवायची असतात, त्यांच्यासाठी अनेक क्लब वेगळा मार्ग काढतात. रस्ता बांधताना डांबराच्या थरांमध्ये अंथरतात ते जाड, नमद्यासारखे कापड ते सपाट केलेल्या जमिनीवर ताणून, कडांना लांब खिळे ठोकून बसवतात. डांबरी पट्टीच्या तुलनेत याला फार थोडा खर्च येतो आणि एखादा भाग फाटला, तर तेवढाच तुकडा बदलता येतो.

पिटमधील सोयी पाहून त्या क्लबने सुरक्षिततेचा विचार किती केला आहे हे ओळखता येते. कमरेच्या उंचीची लाकडी मेजे असतात आणि त्यांवर मऊ आवरण घातलेल्या दोन खुंट्या उभ्या असतात. विमानाचे पंख या खुंट्यांना अडतात आणि इंजिन पूर्ण वेगात असतानाही विमान पुढे झेपावू शकत नाही. या छंदात होणाऱ्या जखमांपैकी बऱ्याच जखमा आकाशातून पडलेल्या विमानांमुळे न होता जमिनीवर, फिरत्या पंख्यात बोटे गेल्यामुळे होतात. विजेवर चालणाऱ्या विमानात हा धोका अधिक असतो, कारण पेट्रोल इंजिन किंवा मिथेनॉलवर चालणारे ग्लो इंजिन आवाजाने आपण सुरू असल्याचे सांगते, तर विजेची मोटर बॅटरी जोडल्यापासून गप्प आणि सज्ज असते. म्हणून आमच्याकडे विमान मेजावर अडकवल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. मेजे अशी मांडलेली आहेत की पंख्याचे तोंड नेहमी पट्टीकडे राहील.

मैदानावर वीज नाही. छपरावर सौर पट्ट्या आहेत, खाली जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्यांची रांग आहे आणि तिच्यावरून सभासद विमानांच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या चार्ज करतात. लिपो बॅटरीला धक्का लागला किंवा ती चुकीच्या पद्धतीने चार्ज झाली, तर ती पेट घेते आणि ती आग पाण्याने सहज विझत नाही. म्हणून चार्जिंगचे मेज काँक्रीटच्या पाट्यावर, छप्परापासून आणि गाड्यांपासून दूर आहे. शेजारी वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे आहे. छोटी जेट टर्बाइन उडवणाऱ्यांसाठी राष्ट्रीय संस्थेची वेगळी परवानगी लागते. आमच्या मैदानाभोवती उन्हाळ्याच्या अखेरीस गवत वाळलेले असते, म्हणून क्लबने टर्बाइनला मनाई केली आहे.

मैदानावरच्या सूचनांच्या बोर्डाजवळ एक जुनी लाकडी चौकट अजूनही टांगलेली आहे. तिच्यावर ११ ते ६० असे आकडे रंगवलेले आहेत आणि प्रत्येक आकड्याखाली कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला आहे. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ येण्यापूर्वी अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे ५० चॅनेल राखलेले होते. दोघांनी एकाच चॅनेलवर ट्रान्समीटर सुरू केला, की हवेत असलेले विमान तत्काळ पडत असे. म्हणून आपल्या चॅनेलचा चिमटा आपल्या ट्रान्समीटरला लावल्याशिवाय कोणी तो सुरू करायचा नाही, असा रिवाज होता. गेल्या दोन दशकांत नव्या रेडिओंनी ही गरज जवळजवळ संपवली आहे. तरीही ही चौकट काढू नये या मताचा मी आहे, कारण जुने रेडिओ जपून वापरणारे दोन वयोवृद्ध सभासद आजही येतात आणि त्यांना तिची गरज पडते.

सावली, बाके आणि शौचालय या गोष्टींना पुष्कळ लोक दुय्यम समजतात. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या मैदानावर फिरते शौचालय आणि पत्र्याची मोठी शेड आल्यानंतर सभासदांच्या घरची मंडळी येऊ लागली, मुली येऊ लागल्या, आणि त्यांच्यापैकी काही आता स्वतः विमाने उडवतात. वाहनतळापासून पिटपर्यंतची वाट खडी दाबून सपाट केली आहे, त्यामुळे चाकांच्या खुर्चीवर असलेल्या सभासदांना कोणाच्या मदतीशिवाय आपल्या ठाण्यापर्यंत जाता येते. ज्या छंदात माणसे वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत रमतात, त्यात ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी.

इंडियानात मैदानाचा विचार मक्याशिवाय पूर्ण होत नाही. एप्रिल-मेमध्ये पट्टीच्या पलीकडे काळी, उघडी जमीन असते आणि तिथे पडलेले विमान लांबूनही दिसते. ऑगस्टपर्यंत तिथेच मका माणसाच्या डोक्यावरून वर जातो आणि आत गेलेला माणूस चार ओळींपलीकडचे पाहू शकत नाही. विमान मक्यात गेले, की ठाण्यावर उभ्या असलेल्या माणसाने जागचे हलायचे नसते. त्याने विमान जिथे दिसेनासे झाले त्या दिशेला दूरवरचे एखादे झाड किंवा धान्याची कोठी हेरून ठेवायची आणि शोधायला जाणाऱ्याला त्या रेषेवर ठेवत आवाजाने मार्ग दाखवायचा. शोधणाऱ्याने ओळींच्या दिशेनेच चालायचे, ताटे आडवी करायची नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याशी असलेले संबंध यावर टिकून असतात. हल्ली बरेच जण विमानात छोटा भोंगा बसवतात. रेडिओचा संपर्क तुटला की तो वाजू लागतो.

मक्यामुळे येणारा दुसरा धोका मोठा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पिकावर बुरशीनाशक फवारणारी खरी विमाने जमिनीपासून काही मीटर उंचीवर येतात आणि झाडांच्या रांगेआडून अचानक समोर प्रकट होतात. आत बसलेल्या वैमानिकाला आपले मॉडेल दिसण्याची शक्यता नसते, म्हणून बाजूला होण्याची संपूर्ण जबाबदारी आपली असते. या दिवसांत प्रत्येक उड्डाणाला एक स्पॉटर शेजारी उभा असतो. तो मॉडेलकडे न पाहता फक्त आकाश आणि क्षितिज पाहत राहतो आणि त्याने इशारा दिला, की कोणतीही चर्चा न करता विमान खाली आणायचे.

लहान क्लबचे मैदान हे असे असते. मोठे मैदान काय असू शकते, हे पाहायचे असेल तर मन्सीला जावे. इंडियानापोलिसच्या ईशान्येला असलेल्या या गावात अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचे मुख्यालय, मॉडेल विमानांचे राष्ट्रीय संग्रहालय आणि एक हजार एकरांहून अधिक विस्ताराचे उड्डाणक्षेत्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षे राष्ट्रीय स्पर्धा नौदलाच्या वेगवेगळ्या विमानतळांवर भरत असत, म्हणजे छंदाचे सर्वांत मोठे संमेलन दुसऱ्याच्या मैदानावर अवलंबून होते. १९९० च्या दशकात संस्थेने मन्सीला स्वतःची जागा उभारली आणि स्पर्धांना कायमचे घर मिळाले. मला हा या छंदाच्या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय वाटतो.

एवढी जमीन कशाला लागते, हे तिथली विभागणी पाहिल्यावर समजते. प्रत्येक प्रकारच्या विमानाची जागेची भूक वेगळी असते. कंट्रोल लाइनला वर्तुळे लागतात. काही गवताची, काही पक्क्या फरशीची. टीम रेसिंगमध्ये तारेची त्रिज्या १५.९२ मीटर ठरवलेली आहे, कारण त्या त्रिज्येची दहा वर्तुळे म्हणजे बरोबर एक किलोमीटर आणि शंभर वर्तुळांची शर्यत म्हणजे दहा किलोमीटर. तीन स्पर्धक एकाच वर्तुळात उभे राहून तीन विमाने उडवतात आणि इंधन भरायला ती कडेला उतरवतात. जमीन जरा उंचसखल असली, तर हा खेळ होऊच शकत नाही. पायलॉन शर्यतीत तीन खांबांचा लांबट त्रिकोण असतो, लांब बाजू १८० मीटर आणि लहान बाजू ४० मीटर, म्हणजे एक फेरी ४०० मीटरची. ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जाणारी ही विमाने खांबांना वळसा घालतात, तेव्हा खांबांजवळच्या पंचांना संरक्षक आडोसा लागतो आणि प्रेक्षकांना फार लांब ठेवावे लागते. कसरतींच्या स्पर्धेत उडवणाऱ्यापासून सुमारे १५० मीटरवर एक काल्पनिक उभी चौकट असते, डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश आणि वरही ६० अंश. हिशेब केला तर तिची रुंदी ५२० मीटर होते आणि एवढ्या हवेखाली कोणाचे घर किंवा रस्ता असून चालत नाही.

सर्वांत जास्त जमीन मात्र ज्यांना रेडिओच नसतो अशा मुक्त उड्डाणाच्या विमानांना लागते. ही विमाने सोडली की वाऱ्याबरोबर जातात. स्पर्धेत साधारण ३ मिनिटे हवेत राहिल्यास पूर्ण गुण मिळतात आणि सेकंदाला ५ मीटर असा सौम्य वारा असला, तरी ३ मिनिटांत विमान ९०० मीटर दूर पोहोचते. वेळ झाली की शेपूट उचलून विमानाला खाली आणणारी यंत्रणा त्यात असते. तरीही उष्ण हवेच्या चढत्या झोतात सापडलेले विमान त्याहून पुढे निघून जाते. म्हणून या स्पर्धक मंडळींना मी सायकली आणि मोटरसायकली घेऊन वाऱ्याच्या दिशेने धावताना पाहिले आहे. छंदाची ही सर्वांत जुनी शाखा जगात अनेक ठिकाणी केवळ जागेअभावी आटत चालली आहे. मन्सीसारखी जागा आहे, म्हणून तिथे ती तग धरून आहे.

अलीकडे मैदानाला कायद्यानेही एक नवे महत्त्व आले आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी लागणाऱ्या मानवरहित विमानांना, म्हणजे २५० ग्रॅम किंवा त्याहून जड मॉडेलना, हवेत असताना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून प्रसारित करणे बंधनकारक झाले. प्रत्यक्ष कारवाई मात्र मार्च २०२४ च्या मध्यापर्यंत शिथिल ठेवली होती. या नियमाला असलेला अपवाद म्हणजे मान्यताप्राप्त मैदान. अकॅडमीसारखी मान्यताप्राप्त संस्था किंवा शैक्षणिक संस्था एखाद्या जागेसाठी अर्ज करू शकते आणि मंजुरी मिळाल्यास ४८ महिने त्या सीमेच्या आत असे यंत्र न बसवता उडवता येते. मात्र विमान आणि उडवणारा दोघेही सीमेच्या आत असले पाहिजेत. वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी बनवलेले बाल्साचे विमान, त्यात एकही नवे यंत्र न बसवता, मुलाला उडवायचे असेल, तर त्याला आता असे मैदान शोधावे लागते.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी मॉडेल विमानांना स्वतंत्र स्थान दिले, ही समाधानाची बाब आहे. २५ किलोपर्यंत वजनाचे, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजनासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे विमान या व्याख्येत बसते आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. जागेची अट मात्र सर्वांना सारखीच आहे. सरकारी हवाई नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या मोकळ्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फूट उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर होते. पुण्याच्या परिसरात लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असल्यामुळे मैदानाचा शोध ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशापासूनच सुरू करावा लागतो. जागा पाहून, मालकाशी बोलून, मग नकाशा उघडणे हा उलटा क्रम आहे.

महाराष्ट्रात मैदान कसे करता येईल, याचा मी सुट्टीत घरी येतो तेव्हा तिथल्या मित्रांबरोबर गंभीरपणे विचार करतो. पूर्व-पश्चिम पट्टी आपल्याकडेही योग्य ठरते, कारण पावसाळ्यापूर्वीचे आणि पावसाळ्यातले वारे पश्चिमेकडून येतात आणि हिवाळ्यात सकाळी जी हलकी झुळूक असते ती बरेचदा पूर्वेची असते. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला जातो, पण तेव्हा तो डोक्यावर असतो आणि पुढे पाऊसच असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड करण्यात अडचण येत नाही. उडवण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे आणि वेळ सकाळची. संक्रांतीच्या आसपास गावाजवळच्या मैदानावर मांजा शोधून गोळा करावा लागेल, कारण तो पंख्याभोवती गुंडाळला तर मोटर जळते. आकाशात घारी असतील. त्यांच्यापासून अंतर राखले पाहिजे. पण घार जिथे पंख न हलवता गोल फिरते आहे, तिथे चढती हवा आहे, हे ग्लायडर उडवणाऱ्याला तिच्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही.

जमिनीचा प्रकार पाहणे सर्वांत महत्त्वाचे. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांमध्ये मॉडेलचे चाक सहज अडकते. मुरूम टाकून रोलर फिरवला तर जमीन सपाट होते, पण सुटे खडे पंख्यावर उडतात आणि धूळ इंजिनात जाते, म्हणून मुरुमावर ते जाड कापड अंथरणे हा मला सर्वांत व्यवहार्य उपाय वाटतो. कोकणातले सडे आणि देशावरची माळराने दिसायला तयार मैदानेच वाटतात, परंतु सड्यांवर पावसाळ्यात दुर्मीळ फुलझाडे उगवतात आणि माळावर टिटवीसारखे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. अशा जागांना पडीक म्हणून त्यांवर रोलर फिरवणे मला मान्य नाही. त्यापेक्षा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शहराबाहेरील मोठ्या आवारांचा विचार आधी व्हावा. तिथे विद्यार्थी विमाने बनवून स्पर्धांना जातात आणि चाचणीसाठी त्यांनाही जागा हवीच असते.

खासगी शेतजमीन घ्यायची झाल्यास किमान तीन वर्षांचा लेखी करार करावा, कारण पट्टी बसायलाच एक पावसाळा जातो. त्यात विम्याची तरतूद आणि रस्त्याचा वापर यांबरोबरच गवताचा उल्लेख जरूर असावा: पट्टीवरचे गवत क्लबने आखूड ठेवायचे, उरलेल्या जमिनीवरचे गवत दिवाळीपर्यंत वाढू देऊन मालकाने वैरणीसाठी कापून न्यायचे, आणि जनावरे चरायला सोडायचे दिवस दोघांनी मिळून आधी ठरवायचे.